तीस फुटी केबिन क्रूझर: मुंबई बंदरातील सहा हंगाम

ज्या बोटीबद्दल लिहीत आहे ती फायबरग्लासची, ३० फूट लांबीची केबिन क्रूझर आहे. नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाकडे, दोघांना झोपता येईल अशी केबिन, एका कोपऱ्यात ओटा आणि शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात उभे राहता येईल एवढा संडास आणि मागे सहा-सात जण बसू शकतील असा उघडा भाग, अशी तिची रचना आहे. तिला १७० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने आहेत आणि पाण्याखाली ती साधारण तीन फूट बसते. ती मी वापरलेली घेतली आणि गेले सहा हंगाम ती गेटवेसमोरच्या मुरिंगला, म्हणजे पाण्यातच साखळीने बांधलेली, असते. बोट बांधणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या मापाच्या बहुतेक बोटींना लागू पडेल.

सहा हंगामांत ही बोट जेमतेम सहाशे तास चालली आहे. उरलेला सगळा काळ ती मुरिंगला डुलत किंवा पावसाळ्यात कोरड्यावर उभी होती. माझ्या वहीतला हिशेब पाहिला तर बहुतेक खर्च तिच्या चालण्यापायी झालेला नसून उभे राहण्यापायी झालेला आहे. बोट सांभाळणाऱ्या तांडेलचा पगार, मुरिंग, रंग, पावसाळ्यातली जागा आणि विमा यांच्या मागे डिझेलचा क्रमांक लागतो. घेताना मी वेग, केबिनची उंची आणि गाद्यांचे कापड पाहत होतो. पाहायला हवे होते ते ही बोट खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने नुसती उभी राहू शकेल की नाही, हे.

एका बाबतीत मात्र नशीब चांगले निघाले. या मापाच्या बोटींत दोन प्रकार सर्रास मिळतात. एका प्रकारात इंजिन आत आणि प्रॉपेलरचा पाय बोटीच्या मागे बाहेर लटकलेला असतो, त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. दुसऱ्यात इंजिनापासून निघालेला सरळ शाफ्ट, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा दांडा, बोटीच्या तळातून बाहेर पडतो. स्टर्नड्राइव्हची बोट हलकी, चपळ आणि आतून ऐसपैस वाटते, आणि दर वेळी पाण्याबाहेर काढून ट्रेलरवर ठेवायची असेल तर उत्तमच आहे. परंतु तिचा पाय ॲल्युमिनियमचा असतो आणि जिथून तो बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी रबरी बेलो काही वर्षांनी बदलावीच लागते. ती फाटली तर पाणी थेट आत येते. आठ महिने खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटीला हा प्रकार मी सुचवणार नाही. आमची बोट सरळ शाफ्टची निघाली. अशी बोट वळायला जड आणि धक्क्याला लावताना थोडी हट्टी असते, पण तिच्या तळाशी बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

वापरलेली बोट घेताना बोटी तपासणारा सर्व्हेयर बरोबर नेला, हा खर्च सर्वांत सार्थकी लागला. नारळ पारखावा तसा तो लाकडी हातोडीने तळावर टकटक करत फिरत होता. जिथे आवाज खणखणीत येई तिथे पुढे जाई, जिथे तो बद्द येई तिथे खडूने खूण करी. फायबरग्लासच्या थरांत पाणी मुरले की बारीक फोड येतात, आणि तसे फोड आमच्या बोटीच्या तळाला सात-आठ ठिकाणी होते. त्यावरून किंमत बरीच खाली आली. नवी बोट घेऊ पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे.

जागेचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. कोचीला बोल्गाट्टी बेटावर मरीना आहे, तिथे बोट तरंगत्या धक्क्याला लावून माणूस चपला घालून थेट तीवर चढतो. गेटवेसमोर तसे नाही. इथे बोट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधलेली असते आणि तिच्यापर्यंत छोट्या होडीतून जावे लागते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो, त्यामुळे साखळी सैल सोडावी लागते, आणि दर काही मिनिटांनी जाणाऱ्या प्रवासी लाँचच्या लाटांनी बोट दिवसभर हेलकावे खात राहते. दोर जिथे घासतात तिथे रबरी नळीचे तुकडे चढवलेले असतात. ते दर दोन महिन्यांनी बदलतो. आईला बोट आवडते, पण होडीतून बोटीवर चढण्याचा तो एक क्षण तिला आवडत नाही, आणि वयस्कर माणसांना नेणाऱ्यांनी हा क्षण आधी स्वतः अनुभवून पाहावा.

आता तळाविषयी. बार्नेकल, म्हणजे खडकांवर दिसतात ती पांढरी टोकदार कवचे, मुंबईच्या कोमट पाण्यात फार झपाट्याने वाढतात. त्यांना रोखण्यासाठी तळाला तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंग देतात. आम्ही वापरतो तो रंग साबणाच्या वडीसारखा हळूहळू झिजत जातो आणि झिजताना वरची घाण घेऊन जातो. यात एक मेख आहे, जी डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि मी दुसऱ्या हंगामापर्यंत वाचली नव्हती: हा रंग बोट चालत असेल तरच नीट झिजतो. पहिल्या वर्षी घरच्या अडचणींमुळे बोट नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जागची हलली नाही. फेब्रुवारीत मांडव्याला निघालो तेव्हा जिथे १७ नॉट (ताशी सागरी मैल) मिळायचे तिथे पूर्ण थ्रॉटलवर ११ मिळाले आणि दोन्ही इंजिनांतून काळा धूर निघू लागला. पाणबुड्या खाली उतरला आणि प्रॉपेलरचे एक पाते खरवडून वर आला. त्याच्या हातात ओंजळभर कवचे होती.

त्याच वर्षीचा दुसरा प्रकार अधिक महागात पडला. शाफ्ट आणि सुकाणूवर जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ असले की त्यांतला एक झिजतो; जस्त स्वतः झिजते आणि प्रॉपेलर वाचवते. ज्या यार्डात बोट रंगवली, तिथल्या माणसांनी उत्साहाच्या भरात जस्तावरही रंग फिरवला. रंगाखाली झाकलेले जस्त काहीच काम करत नाही. पुढच्या मे महिन्यात बोट वर चढवली तेव्हा जस्त नव्यासारखे कोरे होते आणि प्रॉपेलरच्या कडांना पिवळ्याऐवजी गुलाबीसर छटा आली होती, म्हणजे मिश्रधातूतले जस्त निघून जाऊन तांबे उरले होते. हातोडीने हलकेच ठोकल्यावर एक प्रॉपेलर ठणठणला, दुसरा मडक्यासारखा वाजला. तो बदलावा लागला. तेव्हापासून रंगाच्या दिवशी मी स्वतः हजर असतो आणि जस्तावर कागदी टेप लावल्याशिवाय ब्रश डब्यात बुडवू देत नाही.

इंजिनांबद्दल तक्रार नाही. ती जुन्या घडणीची, आवाजाला मोठी पण समजायला सोपी आहेत. त्यांना थंड ठेवणारे समुद्राचे पाणी तळातल्या नळातून, गाळणीतून आणि रबरी पंख्याच्या पंपातून येते, आणि बंदरातल्या पाण्यात प्लास्टिक किती आहे याचा खरा अंदाज त्या गाळणीत हात घातल्यावर येतो. एकदा घारापुरीच्या अलीकडे डाव्या इंजिनाचा तापमानाचा काटा चढू लागला. इंजिन बंद केले, तळातला नळ फिरवून बंद केला, गाळणीचे झाकण उघडले, तर आत दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा जाळीवर चिकटून बसला होता. दोन इंजिनांचा फायदा तेव्हा कळला, कारण उजव्यावर बोट सरळ ठेवून हे सगळे पाच मिनिटांत उरकले. रबरी पंखा दर हंगामात, झिजलेला नसला तरी, बदलतो. जुना पंखा सुटा भाग म्हणून बोटीवरच राहतो.

शाफ्ट जिथून तळातून बाहेर जातो तिथले पाणी अडवणारे ग्लँड पॅकिंग नव्या मालकांना सर्वांत जास्त घाबरवते, कारण तिथून पाणी ठिबकते. ते ठिबकायलाच हवे. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला पाच-सहा थेंब आणि थांबल्यावर जवळजवळ शून्य, असे आमचे प्रमाण आहे. एका हौशी मित्राने नट आवळून थेंब पूर्ण बंद केले होते आणि वीस मिनिटांत तिथे हात लावता येत नव्हता. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर नट सैल करावा. ठिबकलेले पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरली तर मुरिंगला उभी असलेली बोट कुणालाही न कळता बुडू शकते. म्हणून इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी, दिवे-पंपांची वेगळी आणि छतावर एक छोटे सौर पॅनेल, एवढी व्यवस्था पहिल्याच वर्षी करून घ्यावी.

चालण्याच्या बाबतीत ही बोट सकाळची बोट आहे. हिवाळ्यात सकाळी सातला निघाले तर गेटवे ते मांडवा हे सुमारे १० सागरी मैल ३५-४० मिनिटांत, चहाचा कप न सांडता होतात. दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो, मार्च ते मे या महिन्यांत तर रोजच, आणि आखूड, उभ्या लाटांवर ही बोट १७ नॉटला आपटू लागते. वेग १० वर आणला तर आपटणे थांबते, पण नाळ वर उचलून ती पाणी ढकलत जाते आणि मैलामागे डिझेल जवळपास तेवढेच पिते. नेहमीच्या वेगाला दोन्ही इंजिने मिळून तासाला पन्नासच्या थोडे वर लिटर लागतात. बंदरातले हळू चालणे धरून मांडव्याची जा-ये ७० लिटरच्या घरात जाते, म्हणजे आजच्या दराने सहा हजारांच्या वर. तोच प्रवास प्रवासी कॅटामरानने काहीशे रुपयांत होतो. नुसते अलिबागला पोहोचायचे असेल तर ही बोट घेऊ नये.

केबिनबद्दल थोडक्यात सांगतो. ती थंड देशांतल्या उन्हाळ्यासाठी आखलेली आहे. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही, वरची झडप उघडी ठेवली तर लाटेचा शिडकावा गादीवर येतो, आणि टाकीतले १५० लिटर गोडे पाणी बहुतांशी काचा आणि रेलिंगवरचे मीठ धुण्यात संपते. पण डिसेंबरात खांदेरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकून काढलेली रात्र वेगळीच असते. १८६७ सालचे दीपगृह डोक्यावर फिरत असते, थळच्या बाजूने मच्छीमार होड्यांच्या इंजिनांचा आवाज येतो आणि पहाटे चार वाजता थंडी वाजते. मात्र तिथे अंधारात बोट हाकू नये. जाळ्यांना बांधलेले प्लास्टिकचे डबे दिवसाही जेमतेम दिसतात, आणि जाळे प्रॉपेलरला गुंडाळले तर आपली बोट अडकतेच, शिवाय कुणाची तरी दिवसाची मजुरी जाते.

मे संपता संपता बोट वर चढवावी लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. आम्ही त्या बंदीत येत नाही, तरी त्या दिवसांत कुणी शहाणा माणूस मुरिंगला बोट ठेवत नाही. खाडीकाठच्या यार्डात उधाणाच्या भरतीला ती पाळण्यावर घेतात, आणि तारीख चुकली तर पंधरा दिवस थांबावे लागते. डिझेलच्या टाक्या गळ्यापर्यंत भरून ठेवतो, कारण अर्ध्या टाकीत दमट हवेचे पाणी होते आणि त्या पाण्यामुळे डिझेलमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ धरतो. गाद्या, दोर आणि लाइफ जॅकेटे घरी येतात. आमच्या पुण्याच्या घरातली एक खोली चार महिने बंदरासारखी वास मारते. नारळी पौर्णिमेला नाळेला नारळ वाढवतो, पण बोट पाण्यात जाते ती सप्टेंबर उजाडल्यावर. नोंदणी, दरवर्षीची तपासणी आणि विम्याचे कागद याच काळात करून घ्यावेत, नाहीतर ऑक्टोबरचे पहिले चार रविवार वाया जातात.

या सगळ्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत न्याय्य खर्च आमच्या तांडेलकाकांच्या पगाराचा आहे. वरसोलीचे आहेत, तीस वर्षे मासेमारी केली आहे. मी पुस्तिका वाचून जे शिकलो त्यातले निम्मे त्यांना आवाजावरून कळते. पहिल्या वर्षी मी त्यांना बोट धुऊन-पुसून ठेवायला सांगत असे आणि इंजिने आठवड्याला दहा मिनिटे जागीच सुरू करायला सांगत असे. त्यांनी दोन-तीनदा ऐकून घेतले, मग एकदा म्हणाले, “साहेब, दहा मिनिटं जागेवर घुरघुर करून इंजिनात काजळी धरते. मला बुधवारी घारापुरीला वळसा घालून येऊ द्या, डिझेलचं मी लिहून ठेवतो.” तेव्हापासून दर बुधवारी, मी असो वा नसो, बोट पाऊण तास पूर्ण वेगाने फिरून येते आणि डिझेलचा आकडा वहीत पडतो. गेल्या मे महिन्यात वर चढवली तेव्हा तळावर नखाने निघेल एवढाच हिरवट थर होता, जस्त निम्मे झिजलेले होते आणि बॅटऱ्या चौथ्या वर्षातही टिकून होत्या. फक्त उजव्या शाफ्टची रबरी बेअरिंग हाताने हलवल्यावर खुळखुळली. तिचे माप घेऊन ठेवले आहे. सप्टेंबरच्या आधी ती बसवायची आहे.