पहाटेचा मेसेज : जंगलातल्या आगीची खबर देणाऱ्या सेवेबद्दल

जंगलात आग कुठे लागली हे मोबाइलवर कळवणारी एक सरकारी सेवा आहे. ती कोणालाही फुकट घेता येते, आणि इंदूरात ती फार थोड्यांना ठाऊक आहे. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण, ज्याला आम्ही नोकरीत नुसतं एफएसआय म्हणायचो, २००४ पासून राज्यांच्या वनविभागांना उपग्रहाने टिपलेल्या आगींची ठिकाणं कळवत आलं आहे. २०१९ च्या जानेवारीत या सेवेची तिसरी आवृत्ती आली. त्यांच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर नाव, मोबाइल नंबर टाकून आपला भाग निवडला की तिथल्या आगीची सूचना येऊ लागते. मी मध्यप्रदेश वनविभागात रेंजर होतो, म्हणजे जंगलाच्या एका रेंजचा (परिक्षेत्राचा) अधिकारी. तेव्हा हे मेसेज रेंज ऑफिसात यायचे, आता राजेंद्रनगरच्या घरी येतात. दोन्ही बाजूंनी ही सेवा वापरली आहे म्हणून लिहितोय.

मत आधीच सांगतो. सेवा उत्तम आहे, पाचपैकी चार गुण नक्की. तिच्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीचा मेसेज, जो पहाटे हातात पडतो. आणि नेमका तोच सगळ्यात कमी कामाला येतो, कारण तो वाचायला कोणी जागं नसतं.

थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. वरून आग बघणारी यंत्रं दोन प्रकारची. जुनं मॉडिस, टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं. टेरा १९९९ चा, ॲक्वा २००२ चा. दोन्ही आता म्हातारे झालेत, ठरलेल्या वेळेपासून सरकलेत. मॉडिसचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर लांब-रुंद चौकोन, म्हणजे शंभर हेक्टर. इंदूरजवळच्या चोरलच्या घाटात शंभर हेक्टरात आग शोधायची तर दोन टेकड्या आणि मधला नाला पालथा घालावा लागतो. नवं यंत्र वियर्स. ते २०११ च्या सुओमी एनपीपी या उपग्रहावर आहे आणि त्यानंतरच्या नोआ-२०, नोआ-२१ वर. त्याचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण चौदा हेक्टर. एवढ्या जागेत बीट गार्ड, म्हणजे रेंजच्या एका छोट्या भागाचा (बीटचा) वनरक्षक, धुराच्या वासावर बरोबर पोचतो. वियर्सवाले उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. टिपलेली आग जमिनीवर उतरून, तपासून, मेसेज होऊन यायला काही तास जातात. म्हणजे दुपारची खबर संध्याकाळी आणि रात्रीची खबर पहाटे.

दुपारच्या मेसेजची माळव्यात एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे नरवाई. मार्चअखेर ते एप्रिल गहू निघतो आणि शेतातलं खुंट जाळलं जातं. महू, मानपूर, सिमरोलकडे शेत आणि जंगल इतकी चिकटून आहेत की ३७५ मीटरचा चौकोन अर्धा शेतात, अर्धा जंगलात पडतो. एफएसआय जंगलाच्या हद्दीतलेच ठिपके पाठवतं, पण हद्दीवरच्या चौकोनाला ते तरी काय करणार! भर दुपारी ४२ डिग्रीत माणसं पळवायची, आणि पोचल्यावर काळं शेत आणि बांधावर बसलेला शेतकरी दिसायचा. असं दोन-चारदा झालं की माणसं मेसेजवरचा विश्वास सोडतात. हा तोटा मला खोट्या धावपळीपेक्षा मोठा वाटतो.

रात्री ही अडचण जवळजवळ राहत नाही. खुंट भराभर जळून विझलेलं असतं. जमीन थंड झालेली असते, त्यामुळे लहान आगही उपग्रहाला वेगळी दिसते. दिवसा उन्हाने तापलेला पत्रा किंवा पाण्यावरची चमक ठिपका म्हणून येऊ शकते, रात्री त्याचा प्रश्न नाही. म्हणून रात्री दीडच्या फेरीत जंगलाच्या आत ठिपका दिसला तर मी तो खरा धरतो. वाद घालत बसत नाही.

आणखी एक कारण आहे, ते आमच्या जंगलाचं आहे. आगी लागतात कशा? विंध्याच्या उतारावरचं हे जंगल साग, धावडा, सालई, अंजन असं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गळतं आणि सागाची मोठी वाळकी पानं घोट्याएवढी साचतात. त्याच दिवसांत मोह फुलतो. मोहाचं फूल पहाटे गळतं, ते पानाच्या कचऱ्यात सापडत नाही, म्हणून संध्याकाळी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. मी या बायकांना दोष देणार नाही. वर्षाचं तेल-मीठ त्या फुलांवर निघतं. पण जाळलेला पाला नीट विझला नाही की आग उतार धरते. ही आग दुपारच्या फेरीनंतर लागलेली, म्हणजे दुपारच्या मेसेजात ती कधीच येणार नाही. वियर्सला ती पहिल्यांदा दिसते ती रात्री दीडच्या फेरीत. तेंदूच्या नव्या पानांसाठी लावलेली आग किंवा चरणीच्या गवतासाठी लावलेली आग, हीसुद्धा बहुधा दिवस कलल्यावरच लावतात.

आता पहाटे चारला मेसेज आला असं धरा. एप्रिलमध्ये इंदूरला उजाडतं सहाच्या सुमाराला. हवेतला ओलावा त्या वेळी दिवसातला सगळ्यात जास्त असतो, वाळक्या पानाने थोडी ओल धरलेली असते, वारा पडलेला असतो. रात्री वारा उतारावरून खाली वाहतो, त्यामुळे चढणीवरची आगही मंदावते. दहाच्या पुढे मात्र ऊन चढतं, वारा फिरून वर वाहायला लागतो, आणि मग तीच आग पळत डोंगर चढते. म्हणजे हातात सहा तास आहेत, आणि दिवसभरातले सगळ्यात चांगले सहा तास. माझा एक बीट गार्ड होता, चोरलच्या बाजूचा. वायरलेसवर तो म्हणायचा, “साब, अभी ठंडी पड़ी है, अभी पकड़ लें तो आठ बजे तक घर.” आणि खरंच, तीन-चार फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारे राखणदार), पाठीवर एक ब्लोअर, बाकीच्यांच्या हातात हिरव्या फांद्या, एवढ्यावर तो रेघ ओढून आग थांबवायचा. ब्लोअरने पाला बाजूला उडवून मातीची पट्टी उघडी करायची, एवढंच काम. आमच्याकडची आग जमिनीवरून सरपटणारी आहे, शेंड्यावर चढणारी नाही. तिला पाला मिळाला नाही की ती बसते. दुपारी हेच काम चाळीस माणसांनाही भारी पडतं.

अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने १९३५ साली नियम केला होता की आजची आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे, नाही जमलं तर परवा सकाळी दहा. १९७८ मध्ये त्यांनी तो सोडला. प्रत्येक आग विझवत राहिल्याने जंगलात जळण साचत गेलं आणि पुढच्या आगी आणखी भयंकर झाल्या, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते बरोबरच केलं त्यांनी. पण दहाच्या घड्याळामागचं निरीक्षण खोटं ठरलेलं नाही. आग दहानंतर तापते, कोणत्याही देशात.

मग अडतं कुठे? अडतं मेसेज घेणाऱ्या टोकाला. आपल्या मध्यप्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात. त्याआधी फायर लाइन (आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या) कापून, जाळून तयार ठेवायच्या, वॉचर लावायचे, हे सगळं रीतसर होतं. रात्रपाळीला मेसेज वाचणारा माणूस मात्र त्या तयारीत धरलेला नसतो. एक रेंज मी जवळून पाहिली आहे. तिथे नोंद असलेला मोबाइल साहेबांच्या उशाशी चार्जिंगला, आवाज बंद. मेसेज साडेनऊला वाचला, माणसं अकराला निघाली, आणि संध्याकाळपर्यंत आग दोन कक्ष (जंगलाचे आखलेले तुकडे) ओलांडून गेली. त्या साहेबांनी तरी काय करावं? दिवसभर मोका-पंचनामा, रात्री अवैध लाकडाची गस्त, त्यात हा मोबाइल. एका माणसावर दोन्ही पाळ्या टाकून आगीचा कार्यक्रम चालत नाही. चार महिने, रात्री बारा ते सहा, रेंज ऑफिसात एक माणूस, एक वायरलेस सेट आणि भिंतीवर कक्षांचा नकाशा, एवढी माझी मागणी आहे. घाटात मोबाइलची रेंज जाते, पण वायरलेस पोचतो. खर्च किती? रोपवनात आगीने मेलेली नुसती रोपं मोजली तरी त्याहून जास्त भरेल.

नासाची फर्म्स नावाची सेवाही मी सोबत वापरतो, तीही फुकट. नकाशावर आपला चौकोन आखून दिला की ईमेल येतो, आणि उपग्रह गेल्यापासून तीन तासांच्या आत ठिपका नकाशावर दिसतो असं ते सांगतात. प्रत्येक ठिपक्याबरोबर तो किती खात्रीचा आणि आगीतून किती मेगावॉट उष्णता निघतेय, हेही येतं. फक्त वेळ ग्रीनिचची असते. साडेपाच तास मिळवायचे. रात्री दीडच्या फेरीला तिथे २०:०० लिहिलेलं असतं आणि तारीख आदल्या दिवसाची असते. ही गोष्ट माहीत नसलेले लोक आजची आग कालची समजून सोडून देतात. आणि फर्म्सला जंगल-शेत हा भेद कळत नाही. एप्रिलमध्ये माळव्याचा नकाशा उघडलात तर गोवर उठल्यासारखा दिसतो. म्हणून जंगलासाठी एफएसआय, पडताळ्यासाठी फर्म्स, असं मी करतो. एफएसआयच्या मेसेजात अक्षांश-रेखांशाबरोबर रेंज आणि बीटही येतो, आणि आपल्या कामाला तोच लागतो.

एफएसआय आगीआधीचा इशाराही देतं. कॅनडात तयार झालेल्या अग्निहवामान निर्देशांकावरून पुढच्या काही दिवसांत कुठे धोका जास्त आहे ते सांगतात. मला तो मोठ्या भागासाठी ठीक वाटतो. बीटच्या पातळीवर त्यावरून माणसं हलवावीत इतका बारीक नाही.

एक गुण का कापला, तेही सांगतो. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असा अर्थ लोक काढतात आणि मला येणाऱ्या मेसेजात त्याला आवर घालणारी ओळ दिसत नाही. दुपारी तीनला लागून रात्री अकराला विझलेली आग वियर्सच्या दोन्ही फेऱ्यांत सापडत नाही. ढग असले, दाट झाडोऱ्याखाली पाला नुसता धुमसत असला, तरी सुटते. अशी आग लहान रोपं, चारोळी-तेंदूची नवी फूट, जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सगळं नेते आणि कागदावर शून्य राहते. त्यामुळे जळालेली जमीन पायाने फिरून मोजायचं काम संपत नाही. मेसेजांच्या यादीवरून वर्षाचा हिशेब करू नये, हे मी हाताखालच्या प्रत्येक डिप्टी रेंजरला सांगत आलो.

नागरिकांनी ही सेवा घ्यावी का? ज्यांची शेतं किंवा फार्महाऊस चोरल, सिमरोल, मानपूरकडे आहेत त्यांनी जरूर. आणि जे दर रविवारी जानापाव, पाताळपाणी, कजलीगढला पोरांना घेऊन जातात त्यांनी तर मार्च ते जून घ्यावीच. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकला गेलेले वीसहून अधिक लोक वणव्यात सापडून गेले. वाळकं गवत, उतार आणि वर चढणारा वारा, आपल्या टेकड्यांवरही उन्हाळ्यात हेच तीन आहेत. सकाळी निघण्याआधी मेसेज बघा, त्या बाजूला रात्रीचा ठिपका असेल तर दुसरीकडे जा. डोंगरात असताना खालून धूर दिसला तर वर पळू नका. बाजूला सरका, आधीच जळून काळ्या झालेल्या किंवा उघड्या खडकाच्या जागेत या.

मेसेज आला म्हणून स्वतः आग विझवायला मात्र जाऊ नका. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात बिन्सर अभयारण्यात वनविभागाचीच माणसं आगीत गेली, आणि त्यांना जंगल ठाऊक होतं. तुम्ही रेंज ऑफिसला फोन करा. मेसेजातला बीट आणि अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, धूर दिसत असेल तर कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूला ते सांगा, आणि पलीकडून घेणाऱ्याचं नाव विचारून वेळेसकट लिहून ठेवा. पहाटे चारला फोन करायला संकोचू नका. नोंदणी १५ फेब्रुवारीच्या आत करून टाका आणि रेंज ऑफिसचा नंबर त्याच दिवशी मोबाइलमध्ये भरून ठेवा.