नऊ महिने, एक हळद हंगाम आणि गडद निळा लॅपटॉप

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचे हिशेब मी गेली अकरा वर्षे पाहते आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून त्याची विवरणपत्रेही माझ्याकडेच आहेत. गेल्या ऑक्टोबरात दुकानाच्या खर्चाने माझ्यासाठी नवा लॅपटॉप घेतला गेला. या जुलैत त्याला नऊ महिने झाले. त्याचा वेग, बॅटरी, प्रोसेसर यांविषयी मी लिहिणार नाही, कारण आमच्या कामाला ते सारे पुरून उरते आणि त्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते त्याच्या बाह्यांगाविषयी आणि स्क्रीनविषयी. या दोन गोष्टी आपण दुकानात पाच मिनिटांत पसंत करतो आणि त्यांचा खरा स्वभाव पुढे कित्येक महिन्यांनी कळतो. मला जे तेथे डोळ्यांत भरले होते त्याचा मला पुढे त्रास झाला आणि जे फिके वाटले होते त्यावर आज माझे सगळे काम चालते.

कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन विकल्या जातात, त्यामुळे नाव वाचून कोणी तोच लॅपटॉप घेतला तरी माझ्यासारखीच स्क्रीन हाती येईल असे नाही. तपशील मात्र देते: १४ इंची आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) स्क्रीन, १९२० बाय १२०० पिक्सेल, ३०० निट्स (हे उजळपणाचे एकक) प्रकाश, मॅट म्हणजे न चकाकणारा पृष्ठभाग आणि एसआरजीबी या रंगांच्या प्रमाणित संचाची पूर्ण व्याप्ती. वरचे झाकण आणि कीबोर्डभोवतीचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, रंग गडद निळा, तळ प्लास्टिकचा, किंमत ६५,००० रुपयांच्या आत.

तो गडद निळा रंग पाहूनच मी हा लॅपटॉप निवडला, हे आधी कबूल करते. शेजारी तेवढ्याच किमतीचा चंदेरी रंगाचा होता आणि तो मला सरकारी कचेरीतल्या कपाटासारखा वाटला. पहिले तीन महिने माझी निवड योग्यच वाटत होती. या पत्र्यावरचा रंग ब्रशने किंवा फवाऱ्याने दिलेला नसतो. अ‍ॅल्युमिनियम आम्लाच्या द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढतो, त्या थरात अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत रंग मुरवतात आणि मग ती छिद्रे बंद करतात. त्यामुळे या रंगाचे पोपडे निघत नाहीत. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर रबरासारखा मऊ लेप होता आणि तो चौथ्या पावसाळ्यात इतका चिकट झाला होता की त्यावर ठेवलेला कागद उचलताना आवाज येत असे. त्या मानाने हा पत्रा कोरडा, गार आणि हाताला सुखद आहे.

मात्र हा थर फारच पातळ असतो आणि धारदार कडेवर तो सर्वांत आधी झिजतो. पत्र्याच्या पुढच्या कडेवर, जेथे माझे डावे मनगट टेकते, तेथे बांगड्यांच्या घर्षणाने सुमारे चार सेंटिमीटर लांबीची पांढुरकी रेघ उघडी पडली आहे. चंदेरी लॅपटॉपलाही ही झीज झालीच असती, पण रंगाखालचा धातूही चंदेरीच असल्यामुळे ती दिसली नसती. गडद रंगावर मात्र ती दुरूनही दिसते. सेवा केंद्रात विचारले असता, अशी झीज हमीत बसत नाही, असे दोन वाक्यांत सांगून त्यांनी विषय संपवला.

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली आणि खरी परीक्षा सुरू झाली. सांगलीच्या यार्डात ज्यांनी हंगामातले सौदे पाहिले आहेत त्यांना सांगायला नको की या दिवसांत हवा स्वतःच पिवळसर असते. पोती उतरतात, तोंडे उघडली जातात, खरेदीदार मूठभर राजापुरी जातीची हळद हातात घेऊन बोटाने मोडून पाहतात, आणि दिवसाअखेर वहीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर बारीक थर बसलेला असतो. गडद निळ्या झाकणावर हा थर जितका उठून दिसतो तितका दुसऱ्या कशावर दिसत नसेल. सकाळी पुसलेले झाकण दुपारच्या चहापर्यंत पिवळे होई आणि आमचे दिवाणजी त्यावर बोटाने ‘श्री’ काढून ठेवीत. पत्र्याला मात्र हळदीचा डाग पडला नाही. छिद्रे बंद केलेली असल्याचा हा लाभ असावा.

डाग पडले ते इतरत्र. कीबोर्डवरची अक्षरे खालून उजळावीत म्हणून अर्धपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकची आहेत. त्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी आता साईच्या रंगाची झाली आहेत. स्क्रीनभोवती जी फिकट राखाडी रबरी पट्टी आहे तिने तर हळद पिऊनच घेतली. मी ती साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसली आणि पट्टीवर तांबूस छटा आली. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, हळदीकुंकवाचे तबक वर्षानुवर्षे हाती धरणाऱ्या बाईने हे विसरायला नको होते. साबणही अल्कधर्मी असतो आणि हळदीतले कुरक्युमिन अल्कात लाल होते. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून नंतर औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले आणि लॅपटॉप बंद करून कापसाच्या काडीने पट्टी पुसली. तांबूसपणा गेला, निम्मा पिवळेपणाही गेला. स्क्रीनच्या पृष्ठभागाला मात्र मी अल्कोहोल लावले नाही आणि कोणी लावू नये, कारण तिच्यावरच्या लेपाला ते मानवेलच असे नसते. तेथे किंचित ओलसर केलेले मऊ मायक्रोफायबरचे फडके पुरते.

मार्चमध्ये एकदा घाईत मी स्क्रीन कोरड्या पदराने पुसली. मॅट स्क्रीनचा पृष्ठभाग मुळातच सूक्ष्म खडबडीत असतो. त्या सूक्ष्म खाचांत धूळ अडकते आणि कोरड्या कापडाने ती घासली जाऊन पृष्ठभागच गुळगुळीत होतो. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा एक चकचकीत ठिपका आहे, तो त्या दिवसाचा. तेव्हापासून आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची आणि मगच ओलसर फडके लावायचे, असा क्रम पाळते. लॅपटॉप मिटवताना कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्यामध्ये पातळ कापडही घालते, नाहीतर पिशवीत दाब पडून कीबोर्डवरचा तेलकटपणा स्क्रीनवर चौकोनाचौकोनांनी उमटतो.

धातूच्या अंगाची आणखी एक गंमत सांगायची राहिली. डिसेंबरात चार्जिंग चालू असताना मनगट पत्र्यावर टेकले की बारीक झिणझिण्या येत. मला वाटले लॅपटॉप बिघडला. वायरमनने पाहिले तेव्हा कळले की टेबलाजवळच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. अ‍ॅडॅप्टरमधला विद्युत गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात त्यांतून अगदी क्षीण प्रवाह अर्थिंगकडे जायचा असतो आणि ती वाट नसली की तो धातूच्या अंगावर येऊन बसतो. तार जोडल्यावर झिणझिण्या थांबल्या. प्लास्टिकच्या लॅपटॉपवर हा दोष वर्षानुवर्षे लक्षात आला नव्हता, म्हणजे एका अर्थाने या पत्र्याने दुकानाचे भलेच केले.

आता स्क्रीनविषयी. दुकानात या मॅट स्क्रीनशेजारी एक ओलेड स्क्रीनचा, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा स्क्रीनचा, लॅपटॉप ठेवला होता आणि त्याच्यापुढे ही स्क्रीन जुन्या छायाचित्रासारखी मलूल दिसत होती. शेठजींच्या मुलाचा आग्रह ओलेडचाच होता. मी तो मोडला, त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे आमच्या हिशेबाच्या प्रणालीची तीच खिडकी, तीच वरची पट्टी रोज आठ तास जागच्या जागी असते आणि ओलेडवर अशी न हलणारी चित्रे कालांतराने ठसा सोडू शकतात. दुसरे कारण लुकलुकण्याचे. प्रकाश कमी करण्यासाठी कित्येक ओलेड स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा विझतात आणि पेटतात. डोळ्यांना ते थेट दिसत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते, आणि ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने माझे दुखते हे मला ठाऊक होते. प्रकाश अगदी कमी करून मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पाहिले, तेव्हा त्या स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले. या स्क्रीनवर दिसले नाहीत. निवड तेथेच झाली.

मॅट स्क्रीनचा लाभ समजायला आमचे दुकान पाहावे लागेल. शटर पूर्ण उघडे, समोर डांबरी रस्ता, आणि दुपारी दोननंतर त्यावरून परतणारे ऊन. चकचकीत स्क्रीनमध्ये अशा वेळी समोरचा टेम्पो, हमाल आणि आपला स्वतःचा चेहरा दिसतो, आकडे दिसत नाहीत. मॅट पृष्ठभाग तो प्रकाश विखुरतो. प्रतिबिंब पुसट होऊन नुसते धुके उरते. अर्थात धुकेही त्रासदायक असतेच, आणि ३०० निट्स उघड्या शटरसमोर कमी पडतात. एप्रिलमध्ये मी प्रकाश पूर्ण वाढवूनही डोळे बारीक करून वाचत होते. शेवटी टेबल काटकोनात फिरवले, उजेड पाठीमागून न येता डावीकडून येऊ लागला आणि जो त्रास मी स्क्रीनच्या माथी मारत होते तो बराचसा टेबलाचा निघाला. मॅटपणाची किंमतही आहे: पांढऱ्या पानावर बारीक रवा पसरल्यासारखा कण दिसतो. पहिले पंधरा दिवस तो खटकला, आता शोधल्याशिवाय दिसत नाही.

या स्क्रीनचा सर्वांत मोठा गुण देवनागरी अक्षरांत आहे, आणि इंग्रजीत लिहिलेले अनुभव वाचून तो कधीच कळला नसता. माझा जुना लॅपटॉप १५.६ इंची आणि १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा होता, म्हणजे इंचाला सुमारे १०० पिक्सेल. या स्क्रीनवर इंचाला सुमारे १६२ आहेत. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ उभे राहते. आपल्या अक्षराला वर रेफ, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि पोटात जोडाक्षर, एवढे सगळे त्याच उंचीत मावायचे असते. जुन्या स्क्रीनवर शेतकऱ्यांच्या नावांतला ‘द्ध’ आणि ‘द्ध’सारखाच दिसणारा ‘द्व’ मी अंदाजाने वाचत असे, आणि शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या एका पट्टीत नावाचा अनुस्वार गेल्यामुळे पैसे देताना खुलासा करावा लागला होता. आता विंडोजचे प्रमाण १५० टक्क्यांवर ठेवले की निर्मला फाँटमधले बारीक अक्षरही स्वच्छ सुटे दिसते. त्या प्रमाणात आडवे रकाने कमी मावतात, ही तक्रार खरी आहे; उभी उंची अनेक लॅपटॉपवर असते तशी १०८० पिक्सेल नसून १२०० असल्यामुळे खातेवहीच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात, त्याने थोडी भरपाई होते.

रंगांचा मला उपयोग होईल असे वाटले नव्हते. पण परगावचे व्यापारी मालाचे फोटो मागतात, आणि जुन्या स्क्रीनवर चांगली नारिंगी झाक असलेली राजापुरीही लिंबासारखी फिकी दिसे. आता फोटोतली हळद टेबलावरच्या हळदीशी जुळते. सौदा फोटोवर होत नाही, तो हातावरच होतो, तरी मोबाइलवर फोटो पाठवण्यापूर्वी मी आता गोंधळत नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर स्क्रीन बदलून सगळे सुटत नाही. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या ११ तारखेपासून जीएसटीआर-३बी या करभरण्याच्या विवरणपत्राच्या २० तारखेपर्यंत माझे डोळे संध्याकाळी कोरडे पडत, ते अजूनही थोडेसे पडतातच, कारण स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, मग स्क्रीन कोणतीही असो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेण्याचा सल्ला तिघांनी दिला. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेऊन अशा चष्म्यांनी अल्पकाळात डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसत नाही असे सांगितले आहे, म्हणून मी ते पैसे वाचवले. लॅपटॉप स्टँडवर ठेवून डोळ्यांच्या उंचीवर आणला, तर मान दुखू लागली, कारण माझी चाळिशी बायफोकल आहे आणि जवळचे पाहायला मला हनुवटी वर करावी लागे. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन फुटांवरचे वाचण्यासाठी वेगळा चष्मा दिला आणि दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहायला सांगितले. समोरच्या गाळ्याची पाटी साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. ती मला आता फोन नंबरासह पाठ झाली आहे.

हंगाम संपल्यावर जूनमध्ये लॅपटॉप उघडून साफ करून घेतला. आतल्या पंख्याची पाती पिवळीधमक होती. तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, काकू, पंख्याची हळद झाली, आता लग्न लावून टाका. कीबोर्डवरची अक्षरे पावसाळ्यात आणखी पिवळी झाली नाहीत. अ‍ॅडॅप्टरच्या पांढऱ्या तारेवरचे डाग मी गच्चीवर उन्हात आठवडाभर ठेवून घालवले, जसे हळदीचे कपडे आपण घालवतो, कारण कुरक्युमिन उन्हात विरते. स्क्रीनभोवतीची रबरी पट्टी मात्र अजून पिवळी आहे, आणि तिच्यासाठी लॅपटॉप उन्हात ठेवण्याची माझी तयारी नाही.