साइनफेल्ड: चौघेही नालायक, तरी हसू आवरत नाही
'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेच्या १८० भागांत चार मुख्य मित्रांपैकी एकही सुधारत नाही, मालिकेची खरी ताकद तीच. १९९१ चा चायनीज हॉटेलचा भाग बघा: तिघं टेबलासाठी ताटकळतात, मॅनेजरला पैसे चारून बघतात, शेवटी वैतागून निघतात आणि लगेच नाव पुकारलं जातं! शिक्षा एवढीच, उपाशी राहण्याची. तीही स्वतःच्याच उतावळेपणाची. म्हणून कीव येत नाही. सांगलीत रांग मोडून घेतलेला भडंगाचा पुडा दारातच फाटावा, तसं. १९९८ च्या शेवटच्या भागात मात्र कोर्ट चौघांना वर्षभर आत टाकतं आणि मजा जाते. बाहेरून आलेल्या न्यायावर हसू कसं येणार? पहिला सीझन पाचच भागांचा, अडखळणारा. थेट चौथ्या सीझनपासून लावा.