डिस्नीलँडचे जुने कागद घ्यावेत की जुनी मासिकं?

भाच्याला कॅलिफोर्नियात अर्व्हाइनमध्ये नोकरी लागली. डिस्नीलँडचं ॲनाहाइम तिथून जवळच. दोन-तीनदा डिस्नीलँड हिंडून आल्यावर त्यालाही माझी खोड लागली. "मामा, मलापण जमवायचंय. पार्कच्या जुन्या वस्तू घेऊ की त्या काळातली मासिकं? दोन्ही नाही झेपायचं." वर्षाला फार तर ३०० डॉलर खर्चायची तयारी, एका खोलीचं घर, कपाट एकच आणि त्यातलं अर्धं सायकलीने अडवलेलं. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो, कारण इकडच्या मराठी मंडळींत याच पेचात असलेले आणखी तिघेचौघे मला ठाऊक आहेत.

दोन्ही शेवटी कागदच. पण एक कागद वापरून फेकायला छापलेला, दुसरा वाचून ठेवून द्यायला. भावातला बहुतेक फरक तिथूनच निघतो.

आधी तिकिटांचं बघू. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला फाटकात १ डॉलर पडायचा आणि आत प्रत्येक सफरीचे पैसे वेगळे. दर वेळी खिशात हात घालावा लागू नये म्हणून त्याच ऑक्टोबरात कुपनांची पुस्तिका आली. त्यात ए, बी आणि सी अशी तीन प्रकारची कुपनं. पुढच्या वर्षी डी आलं. १९५९ मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाल्यावर ई आलं. ए म्हणजे मेन स्ट्रीटवरची, म्हणजे पार्कातल्या मुख्य रस्त्यावरची, घोड्याची ट्राम वगैरे. ई म्हणजे ज्यासाठी पोरं उन्हात रांगा लावायची ते. 'ई तिकीट' हा शब्द अमेरिकन बोलण्यात इतका मुरला की १९८३ मध्ये सॅली राइडने आपल्या अंतराळप्रवासाचं वर्णनही त्याच शब्दांत केलं.

आता अशी पुस्तिका विकत घ्यायला जा. बहुतेक वेळा हाती काय येतं? ए आणि बी. ई केव्हाच फाडून वापरलेली असतात. कुणालाच नको होती ती कुपनं मात्र आजीच्या ड्रॉवरमध्ये चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिली. फराळाचा डबा संपत आला की तळाशी शंकरपाळेच उरावेत, तसं. म्हणून 'जुनी तिकीट पुस्तिका, थोडी वापरलेली' असं दिसलं की पहिला प्रश्न एकच विचारा, ई किती शिल्लक आहेत? १९८२ मध्ये ही कुपनं बंद होऊन एकाच पासवर सगळं फिरायची पद्धत आली, त्यामुळे माल कधीचा याची वरची सीमा तरी पक्की आहे. नुसतं सुटं ए कुपन हवं असेल तर एका जेवणाच्या पैशांत मिळतं. सुरुवातीला तेच घ्यावं असं माझं मत. छिद्रांची रेघ बोटाखाली जाणवते, अनुक्रमांक ठसठशीत असतो, आणि खोटा माल पुढे ओळखायला हाताशी एक खरा नमुना राहतो.

नकाशांचं प्रकरण महाग आणि जास्त मजेचं. सॅम मॅकिम यांनी काढलेला मोठा रंगीत नकाशा १९५८ पासून पार्कात विकायला आला आणि पुढची काही वर्षं तो बदलत राहिला. नकाशावर साल नसलं तरी वाचता येतं. मॅटरहॉर्न आहे? मग १९५९ किंवा नंतरचा. पार्कातला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर हा भाग पुरता उभा दिसतो? १९६६ च्या आसपासचा. फक्त हाँटेड मॅन्शनवर, म्हणजे भुताच्या वाड्यावर, विसंबू नका. त्याची इमारत १९६३ मध्येच बांधून झाली होती, पण दार उघडलं १९६९ च्या ऑगस्टमध्ये. नुसती इमारत बघून 'नकाशा १९६९ नंतरचा' असं ठरवणारे विक्रेते मी पाहिलेत, आणि एकदा त्यांच्या चुकीचा फायदाही घेतलाय.

धोकाही इथेच जास्त. कंपनीनेच पुढे जुने नकाशे पुन्हा छापले, आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले तर रोज दिसतात. खिशात दहापट मोठं दिसणारं भिंग ठेवा. सफरींची जुनी पोस्टरं सिल्कस्क्रीनने छापलेली होती, म्हणजे रंग सलग, दाट, हात फिरवला तर किंचित उंच. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ते नंतरचं पुनर्मुद्रण समजा, विकणारा काहीही म्हणो. नकाशाच्या बाबतीत ही खूण चालत नाही, कारण मूळ नकाशाच ठिपक्यांच्या छपाईचा. तिथे कागदाची जाडी, कडांचा रंग आणि गुंडाळीची मोडायला नाखूश असलेली सवय बघायची. साठ वर्षं गुंडाळून राहिलेला कागद टेबलावर सपाट पडून राहत नाही, पुन्हा पुन्हा आवळतो.

माझी एक चूकही सांगतो. शे-दीडशे डॉलरच्या खाली धड नकाशा मला कधी मिळालेला नाही. एकदा १४० ला मिळाला म्हणून खूश होऊन ऑनलाइन पैसे भरले. विकणाऱ्या बाईंनी तो चार घड्या घालून साध्या पाकिटातून पाठवला. साठ वर्षांत ज्याला घडी पडली नव्हती त्याला पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी पडली. आता मी पैसे देण्याआधी 'नळीत घालूनच पाठवा' हे लिहून घेतो.

मासिकांकडे वळलं की हा ताण उतरतो.

ऑगस्ट १९६३ चा नॅशनल जिओग्राफिक घ्या. त्यात वॉल्ट डिस्नींच्या कामावर मोठा लेख आहे. ते तेव्हा हयात होते, न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक मेळ्याची तयारी त्यांच्याकडे चालू होती, आणि १५ डिसेंबर १९६६ ला ते जातील हे त्या पानांना माहीत नाही. हा अंक मी ८ डॉलरला घेतला आणि तेही जास्तच दिले. एवढा स्वस्त का? कारण नॅशनल जिओग्राफिक अमेरिकेत कुणी फेकलाच नाही. पिवळ्या कण्यांच्या रांगा अजूनही निम्म्या घरांच्या तळघरांत उभ्या आहेत. आपल्याकडे माळ्यावर दिवाळी अंकांचे गठ्ठे असतात ना, 'राहू दे, वाचेन कधीतरी' म्हणत ठेवलेले, अगदी तसंच. लाइफचंही तेच. १९३६ ते १९७२ दर आठवड्याला लाखांनी छापलेलं साप्ताहिक दुर्मीळ होणार कसं?

म्हणजे गुंतवणूक म्हणून मासिकं जवळपास बाद. वाचायला मात्र तिकिटापेक्षा शंभरपट बरी. तिकीट दोन मिनिटांत बघून होतं. १९५५ चं लाइफ उघडलं तर अख्खी संध्याकाळ जाते, आणि त्यातला निम्मा वेळ जाहिरातींवर, शेपट्यांसारखे पंख लावलेल्या मोटारी आणि फ्रिजशेजारी उभ्या राहून हसणाऱ्या बायका बघण्यात. पार्क कुठल्या जगात उघडलं ते त्या पानांवर कळतं, नकाशावर कळत नाही.

पण या जाहिरातींनीच घोटाळा केलाय. जुने अंक फोडून एकेक जाहिरात चौकटीत घालून विकणारे बरेच आहेत. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या अंकात आतली चार पानं ब्लेडने कापलेली सापडतात. घेताना मधलं पान उघडा, पिना गंजल्यात का बघा, मग पानांचे आकडे सलग आहेत का ते सगळे मोजा. कंटाळवाणं आहे, पण मी एकदा मोजलं नाही आणि नेमका डिस्नीलँडचाच लेख गायब निघाला. मुखपृष्ठावर वर्गणीदाराचा पत्ता चिकटवलेला असेल तर भाव उतरतो. मला स्वतःला तो पत्ता आवडतो, पण विकायचा विचार असेल तर टाळा.

वजनाचा मुद्दा लोक विसरतात. अमेरिकन पोस्टात पुस्तकांसाठी मीडिया मेल नावाचा स्वस्त दर आहे, पण ज्यात जाहिराती असतात त्या छापील मालाला तो लागू होत नाही. म्हणजे मासिकं त्यातून बाद. पाच डॉलरच्या लाइफला टपाल त्याहून जास्त, असं सर्रास होतं. म्हणून मासिकं ऑनलाइन घेऊच नका, हाताने उचलून आणा. पासाडीनाला रोझ बोल स्टेडियमचा जुन्या वस्तूंचा बाजार महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो, लाँग बीचचा तिसऱ्या रविवारी. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस केलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. फक्त आवाज खाली ठेवावा लागतो.

ठेवायची जागा हा तिसरा प्रश्न, आणि तिथे कागदांची सरशी आहे. पंचवीस तिकिटं आणि दहा मार्गदर्शक पुस्तिका एका बुटाच्या खोक्यात मावतात, तर पन्नास लाइफ म्हणजे एक शेल्फ आणि एक पाठदुखी. शिवाय मासिकांचा गुळगुळीत कागद म्हणजे वर मातीसारखा लेप दिलेला कागद. तो एकदा ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात ती कायमची. गॅरेजमध्ये ठेवलेले माझे सात अंक गळक्या हीटरने असे विटेसारखे केले. कसरीलाही तो लेप गोड लागतो. घरात, जमिनीपासून वर, उन्हापासून लांब ठेवा. मागे आम्ल नसलेला पुठ्ठा आणि वर पॉलिस्टरचं पाकीट घाला. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेतात. अंक मुंबईला किंवा कोकणात पाठवायचा विचार असेल तर पहिल्याच पावसाळ्याचा बंदोबस्त आधी करा.

व्ह्यू-मास्टरच्या, म्हणजे डोळ्यांना लावून चित्रं बघायच्या डब्याच्या, चकत्यांबद्दल एकच ओळ. आपल्या लहानपणी तो लाल डबा होता म्हणून मोह होतो, पण त्या जीएएफ कंपनी काढायची त्या काळातल्या बऱ्याच फिल्मा गुलाबी पडल्यात. उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

ज्याला गर्दीत शिरायचं नाही त्याने बंद पडलेली पार्कं धरावीत. ब्राँक्समधलं फ्रीडमलँड १९६० ते १९६४ एवढंच चाललं, सांता मोनिकाचं पॅसिफिक ओशन पार्क १९५८ ते १९६७. मागणारे कमी, छापलेला मालही कमी. (एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडलं. त्याचं पहिल्या वर्षीचं तिकीट कुणी जपलंय का? माझंही मी फेकलं.) लिलावांतल्या बातम्या मात्र वाचून सोडून द्या. हर्ब रायमन यांनी १९५३ मध्ये काढलेलं डिस्नीलँडचं पहिलं मोठं चित्र २०१७ मध्ये ७ लाख ८ हजार डॉलरला गेलं. त्याचा आपल्या ३०० डॉलरशी काही संबंध नाही.

तर भाच्याला काय सांगितलं? दोन्ही बाजूंना पाय असलेला माल आहे, तिथून सुरू कर. डिस्नीच्या मॅजिक किंगडम क्लबच्या सभासदांना मिळणारं डिस्नी न्यूज हे त्रैमासिक १९६५ मध्ये सुरू झालं. त्याच सुमारास आजूबाजूच्या मोटेलांतून व्हेकेशनलँड हे मासिक फुकट वाटलं जायचं. दोन्ही पार्कनेच काढलेली, म्हणून आतली छायाचित्रं थेट तिथली. दोन्ही वाचता येतात. दोन्ही पातळ, म्हणून अर्ध्या कपाटात मावतात. आणि फुकटचं म्हणून लोकांनी ती लाइफसारखी जपली नाहीत, त्यामुळे भाव अगदीच मातीमोल नाही. वर्षभर हेच घे, हात बसला की एक नकाशा घे, नळीतला. लाइफ आणि जिओग्राफिक वाचायला हवेत तेव्हा माझ्याकडून ने. विकत घेऊ नकोस.

गेल्या दुसऱ्या रविवारी तो माझ्याबरोबर पासाडीनाला आला. एका म्हाताऱ्याच्या टेबलाखालच्या खोक्यात साठच्या दशकातला व्हेकेशनलँड मिळाला, मागे मोटेलचा रबरी शिक्का. सहा डॉलर सांगितले. मी मराठीत पुटपुटलो, "चारला माग." त्याने सहाच दिले, वर हसून थँक्यू म्हणाला. गाडीत मी पॉलिस्टरचं पाकीट, पुठ्ठा, सगळं पुन्हा सांगितलं. काल त्याच्या घरी गेलो तेव्हा अंक फ्रिजवर होता, कुकरच्या शिट्टीशेजारी.