फुंकरीतला नायट्रिक ऑक्साइड: रक्त भारी की ताण?
नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातच तयार होणारा वायू आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. त्याचं प्रमाण जास्त कशानं बदलतं, रक्तानं की फुप्फुस ताणलं जाण्यानं? लोहाराचा भाता ओढला की कातडं ताणतं. फुप्फुसाचंही तसंच, ते जास्त ताणलं की उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

रक्ताचं काम उलटं. लालपेशींतलं हिमोग्लोबिन हा वायू झपाट्यानं गिळतं. वेगळ्या काढलेल्या फुप्फुसातून रक्ताऐवजी क्षारांचं द्रावण फिरवलं, तर उच्छ्वासातलं प्रमाण चढतं. माझ्या मते पारडं रक्ताचंच जड. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार काही नवा नाही. त्यात लालपेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन तर आणखीच हावरट.

दम्याच्या तपासणीत उच्छ्वासातल्या या वायूचा जो आकडा मोजतात, तो मात्र मुख्यतः श्वासनलिकांच्या अस्तरातून येतो. त्या तपासणीत सेकंदाला ५० मिलिलिटर, इतकंच संथ फुंकायचं. चुलीत फुंकणी मारावी तसा जोर लावला, की आकडा उगाच खाली येतो.