लेखी हरकत की जनसुनावणी?

यशवंत सागरजवळच्या गावातल्या मावशींनी विचारलं, प्रकल्पावर म्हणणं कागदावर द्यायचं की सुनावणीत उभं राहून? तलाव इंदूरला पाणी देतो, सारसांचं घर आहे, 2022 पासून रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. म्हणून प्रश्न मनाला लागला.

मेहनत: अर्जाला आधी एक संध्याकाळ द्यावी लागते. खसरा नंबर (जमिनीचा सर्वे नंबर), नकाशावर पेनाने केलेली खूण, सारसाच्या घरट्याचा तारखेसह फोटो. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्याच. तोच पुढे पुरावा. सुनावणीला फक्त दिवस मोडतो.

वजन: 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते, चित्रीकरण होतं, इतिवृत्त शेवटी वाचून दाखवतात. ते ऐकल्याशिवाय उठू नका, आपला मुद्दा नीट आला का ते तिथेच कळतं. शंभर शेतकरी एकत्र बोलले की अधिकाऱ्यांना ऐकावंच लागतं. बारीक आकडे मात्र गर्दीत हरवतात.

ज्यांच्याकडे नकाशे-फोटो आहेत, त्यांनी लेखीच द्यावं. ज्यांची विहीर, चराई, मासेमारी जाणार, त्यांनी स्वतः जाऊन बोलावं. मावशी, तुम्ही बोलाच.