वजन न केलेले पत्रे

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील आमच्या गावच्या घराचे छप्पर 'वादळरोधक' करून देतो असे सांगणाऱ्या एका ठेकेदाराने 2023 च्या एप्रिल-मे महिन्यांत मला दोन लाख रुपयांना फसवले. पैशांखेरीज आमच्या जुन्या घराचे सागवानी वासे आणि सातआठशे धड कौलेही त्याच व्यवहारात गेली, आणि त्यांची किंमत मी आजवर कधी नीट मांडलेली नाही. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ग्राहक आयोगापुढील तक्रार अजून प्रलंबित आहे. मात्र त्याने हे कसे साधले ते तपशिलाने लिहीत आहे. कोकणात बंद किंवा अर्धबंद घर असलेले आणि आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, घाईघाईने काम उरकू पाहणारे माझ्यासारखे चाकरमानी हेच अशा लोकांचे नेहमीचे गिऱ्हाईक आहे, असे आता माझे मत झाले आहे.

घर जांभ्याचे, छप्पर मंगलोरी कौलांचे. माझ्या लहानपणी पावसाळ्याची तयारी म्हणजे कौले परतणे, फुटकी बदलणे, आढ्यावरचे कोने चुन्याने पुन्हा बसवणे, पडवीला झावळ्यांची झड लावणे आणि आगोटीची बेगमी भरणे एवढीच असे. वादळ ही कधीतरी येणारी गोष्ट होती. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने तो समज मोडला. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्यात आमच्या मागच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या मागच्या उताराची, कौले पत्त्यांसारखी उडाली, वाडीतील सुपारी निम्म्याहून अधिक आडवी झाली आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. सुपारीचे नवे रोप धरायला सात-आठ वर्षे लागतात, त्यामुळे छपराचा खर्च आम्ही पुढे ढकलला आणि मिळतील तशी जुनी कौले टाकून, वर ताडपत्री बांधून वेळ भागवली. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले आणि ती ताडपत्री कोणाच्या वाडीत जाऊन पडली ते कळलेही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई त्या रात्री माजघरात उशाशी कंदील घेऊन बसून होती. तिला पुन्हा तशी रात्र काढावी लागू नये, एवढीच माझी इच्छा होती, आणि ठेकेदाराने पहिल्या भेटीत नेमकी तीच ओळखली.

तो आला शेजारच्या गावातील एका ओळखीच्या माणसाचा हवाला देऊन. त्या माणसाने त्याच्याकडून काम करून घेतलेले नव्हते, फक्त त्याचे कार्ड घेतले होते, हे मला पुढे समजले. मोबाइलवर त्याने पंधरावीस घरांची छायाचित्रे दाखवली, त्यांतील निळ्या आणि विटकरी छपरांवर ऊन चमकत होते. पाव मिलिमीटरपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या जाडीचे पत्र्याचे तुकडे त्याने ओटीवर मांडले, त्यांतला सर्वांत जाड माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, स्वस्तातलं आम्ही लावतच नाही. आईंच्या डोक्यावर असलं नको." छप्पर सुमारे 900 चौरस फूट. लोखंडी पाइपच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर अर्धा मिलिमीटर जाडीचे रंगीत पत्रे, सर्व मिळून सव्वादोन लाख रुपये असे ठरले. 15 मेनंतर माल मिळणार नाही आणि कारागीर दुसऱ्या कामांवर जातील, म्हणून दीड लाख आगाऊ द्यावेत, असे त्याने सांगितले. बिल घेतले तर जीएसटीचे 18 टक्के वाढतील, त्यापेक्षा साध्या कागदावर लिहून देतो, हेही त्याचेच म्हणणे. मी चाळीस हजार रुपये वाचवल्याच्या समाधानात ते मान्य केले. म्हणजे या फसवणुकीत माझा लोभही थोडा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या कागदावर 'उत्तम प्रतीचे पत्रे' आणि 'मजबूत फिटिंग' असे शब्द होते. पत्र्याची जाडी, पाइपच्या भिंतीची जाडी, कैच्या भिंतीला कशा जखडणार, स्क्रू किती अंतरावर, यांपैकी एकही आकडा नव्हता. मी स्वतः हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढले आहे, तरीही आकडे नसलेल्या कागदावर सही केली.

अक्षय तृतीयेच्या सुमारास काम सुरू झाले. पहिल्या दोन दिवसांत माणसांनी कौले आणि वासे उतरवले. "जुनं भंगार आम्हीच उचलतो, त्याचे पैसे लावत नाही," असे ठेकेदाराने फोनवर सांगितले, तेव्हा मला तो उपकारच वाटला. आईने मात्र वासे ठेवा म्हणून सांगितले होते. संध्याकाळपर्यंत टेम्पो भरून गेला होता. जुन्या सागवानाला आणि जुन्या कौलांना किनाऱ्यावरील रिसॉर्ट आणि बंगले बांधणाऱ्यांकडून चांगली किंमत मिळते, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होते, फक्त ठाणे शहरात राहणाऱ्या मला नव्हते. शेजारच्या अण्णांच्या अंदाजाप्रमाणे त्या एका टेम्पोतच त्याची मजुरी सुटली असावी.

पुढचे सर्व मी व्हिडिओ कॉलवर पाहिले. तो नेहमी समोरची वळचण दाखवी, जेथे रबरी वॉशरचे स्क्रू एका ओळीत छान बसलेले दिसत. मागचा पाखा, जो समुद्राकडे आहे आणि ज्यावर वारा आधी येतो, तो मी एकदाही पाहिला नाही. 'शेवटचा हात राहिला आहे' असे सांगून त्याने आणखी पन्नास हजार ऑनलाइन घेतले आणि 12 मे रोजी सर्व माणसे काढून घेतली. आढ्यावरची पट्टी आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोणी तोंड बंद करण्याचे काम बाकी होते. 'दोन दिवसांत येतो' हे वाक्य मी त्यानंतर सहा वेळा ऐकले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिपरजॉय वादळ खोल समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते. ते पुढे 15 जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर गेले, म्हणजे आमच्यापासून कितीतरी दूर. तरीही त्या दिवसांतल्या सोसाट्याच्या वाऱ्यात आमच्या मागच्या पाख्याचे चार पत्रे वळचणीकडून उचलले गेले आणि त्यांतला एक अण्णांच्या गोठ्यावर जाऊन पडला. सुदैवाने गुरे बाहेर होती. मी दुसऱ्या दिवशी गावी पोहोचलो तेव्हा अण्णांनी काही न बोलता तो पत्रा सुपारीच्या वजनकाट्यावर ठेवला. बारा फुटी पत्रा, वजन जेमतेम बारा किलो. मग त्यांनी आपल्या गोदामाचा तेवढाच, पण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तोलून दाखवला, तो सतरा किलोंच्या वर गेला. आमचे पत्रे 0.35 मिलिमीटरचे होते. एप्रिलमध्ये माझ्या हातात दिलेला तुकडा खरा होता, फक्त तो आमच्या घरावर चढला नाही.

यापुढचे जे कळले ते महाडहून आणलेल्या एका अनुभवी फॅब्रिकेटरने शिडीवर चढवून दाखवल्यामुळे कळले, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचे तेच आहे. आपण समजतो की वारा छप्पर ढकलतो. प्रत्यक्षात वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, आढ्याला व कोपऱ्यांत सर्वाधिक असते. त्यातच वाऱ्याच्या बाजूचे एखादे दार किंवा खिडकी फुटली, की घरात शिरलेली हवा आतूनही छप्पर वर ढकलते. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला पासष्ट-सत्तर किलो वजनाइतका होतो. तेवढ्याच जागेतील पत्र्याचे स्वतःचे वजन चार किलोंच्या आसपास. आमचे कौलारू छप्पर तीन टनांहून जड होते, तरी कौले सुटी असल्याने एकेक करून उडाली; पत्र्याच्या छपरातले सगळे पत्रे मिळून चारशे किलोंचेही नसतात, त्यामुळे ते छप्पर घराला जखडलेले नसेल तर एकसंध उडते. थोडक्यात, कौले काढून पत्रे घालणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. सगळा जीव जखडणीत असतो, आणि जखडणी खालून दिसत नाही.

आमच्याकडे ती जवळजवळ नव्हतीच. कैच्यांचे पाय जांभ्याच्या भिंतीवर नुसते ठेवून भोवती सिमेंट थापले होते. जांभा मऊ दगड, त्यात थेट ठोकलेला बोल्ट फार काळ धरत नाही. भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट आधीच बसवायला हवे होते. पाइपच्या सांध्यांना पूर्ण वेल्डिंग नव्हते, दोन ठिकाणी टाके मारल्यासारखे होते, आणि त्यावर लगेच रंग दिलेला. 2.6 मिलिमीटर म्हणून सांगितलेल्या पाइपची भिंत मोजली तर दीडच्या आसपास भरली. मागच्या पाख्यावर स्क्रू फारच थोडे होते, तेही एक सोडून एक पाइपवर. कडेच्या रांगेत पत्र्याच्या प्रत्येक घडीला एक स्क्रू हवा, मध्ये थोडे विरळ चालतात, असे फॅब्रिकेटरने सांगितले. आमच्याकडे नेमके उलटे, म्हणजे जेथे व्हिडिओ पोहोचत होता तेथे दाट आणि जेथे वारा पोहोचत होता तेथे विरळ.

दुरुस्तीला आणखी पंच्याऐंशी हजार लागले. त्यात पट्टा, बोल्ट, नव्याने वेल्डिंग आणि समुद्राकडचे पत्रे बदलणे एवढेच झाले. पुढच्या पाख्यावर तो पातळ पत्रा अजून आहे, दाट स्क्रूंच्या भरवशावर.

पैसे परत मिळवण्याच्या बाबतीत माझा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही, पण दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. काम अंशतः झालेले असल्याने पोलिसांकडे हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे ठरू शकते, असे वकिलांनी सांगितले. त्याऐवजी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे मला दर तारखेला गावाकडे धावावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मला प्राथमिक माहिती मराठीत मिळाली. अडचण आली ती पुराव्याची. पन्नास हजारांची ऑनलाइन नोंद आहे, दीड लाख रोख दिल्याचा पुरावा त्या आकडे नसलेल्या कागदावरील एका अस्पष्ट सहीएवढाच आहे. बिल घेतले असते तर जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर मोफत तपासता आला असता आणि त्या क्रमांकाखाली कोण आहे ते तेव्हाच कळले असते. ज्या चाळीस हजारांसाठी मी बिल सोडले, त्यांतला एक रुपयाही वाचला नाही.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी ते डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान काढावे. तेव्हा कारागीर मोकळे असतात, आणि 'पाऊस तोंडावर आला' हे वाक्य कोणी वापरू शकत नाही. अरबी समुद्रातील वादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळी येतात, त्यामुळे दिवाळीनंतरही गाफील राहण्यासारखे नसते. आलेल्या मालातला कोणताही एक पत्रा आपण निवडून काट्यावर ठेवावा. त्याला पाच मिनिटे लागतात. भिंतीच्या माथ्यावरचा पट्टा आणि बोल्ट झाकले जाण्यापूर्वी गावातील कोणीतरी आपला माणूस शिडीवर चढलेला असावा, आणि पैशांचा शेवटचा चतुर्थांश त्याने वरून होकार दिल्यावरच जावा. उतरवलेले लाकूड व कौले कोणाची, हे आधी लिहून घ्यावे. आणि दाखवलेल्या छायाचित्रांतील किमान दोन घरी प्रत्यक्ष जाऊन, घरमालकाशी बोलून, मागच्या पाख्याकडे पाहून यावे.

हे शेवटचे मी आवर्जून लिहितो, त्याला कारण आहे. यंदा फेब्रुवारीत आमच्या चुलतभावाला मोबाइलवर एक जाहिरात आली. नाव नवे, क्रमांक नवा, 'वादळरोधक छप्पर, दहा वर्षांची हमी' असा मजकूर आणि खाली सहा घरांची छायाचित्रे. त्यांतले चौथे आमचे आहे. समोरच्या वळचणीकडून घेतलेले, मे 2023 मधले, पत्रे उडण्यापूर्वीचे. ओटीच्या कोपऱ्यात आईची खुर्चीही दिसते.